पाच नंबरच्या आजी काय म्हणत होत्या

सोमवार, ४

लागले एकदाची कामाला. एकोणपन्नासाव्या वर्षी आपल्याला दारात कोण उभं करणार, असंच धरून चालले होते. पुस्तकबांधणीचा कारखाना बंद पडून पाच महिने झाले. बावीस वर्षं छापील पानांचे फर्मे नंबराने लावायचे, शिवायचे, खळ लावायची, एवढंच या हातांना येत होतं. आज याच हातांनी चौदा म्हाताऱ्या माणसांची पांघरुणं बदलली.

वृद्धाश्रमाच्या मोठ्या सिस्टरनी मुलाखतीत एकच विचारलं होतं, "चिडता का?"

मी म्हटलं, "घरी चिडते. बाहेर नाही."

त्या हसल्या आणि ॲप्रन काढून दिला. त्यांचे उपकार मी विसरायची नाही. ही वहीसुद्धा कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कागदाची, मीच शिवलेली. कोरी पडून होती, आजपासून लिहिते.

बुधवार, ६

माणसं हळूहळू ओळखू यायला लागली. पाच नंबरला निळ्या शालीच्या आजी. तोंड म्हणजे धबधबा. सुनेपासून सरकारपर्यंत कोणाला सोडत नाहीत. सात नंबरच्या आजी अगदी उलट. अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली. चेहरा डावीकडे जरा ओढलेला, बोलणं जड. लग्न करून या देशात आल्या, चाळीस वर्षं इथलीच भाषा बोलल्या, आणि झटक्यानंतर ती पुसली गेली. उरली फक्त लहानपणची, स्पॅनिश. ती इथे कोणालाच येत नाही. सिस्टरनी फोनवरचं भाषांतर करून पाहिलं होतं म्हणे, पण आजींचे शब्द इतके घरंगळतात की फोनने भलतंच काहीतरी सांगितलं. आपलं बोलणं त्यांना कळतं की नाही, तेही कोणाला धड माहीत नाही. मूलबाळ नाही, एक पुतण्या आहे, परगावी असतो.

गंमत म्हणजे निळ्या शालीच्या आजींचं आणि यांचं आडनाव एकच. नातं मात्र काही नाही. निळ्या शालीच्या आजी म्हणतात, "माझी जाऊ म्हणून चालली असती. निदान उलट बोलत नाही."

गुरुवार, ७

आज खोल्यांची अदलाबदल. निळ्या शालीच्या आजींना संडास लांब पडायचा, सात नंबरला तो लागून आहे. म्हणून त्या सातात आल्या आणि स्पॅनिश आजी पाचात गेल्या. उशा, चपला, भिंतीवरचे फोटो, सगळं मी नेलं.

दुपारी सिस्टरनी औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "पाच ते आठ नंबरच्या गोळ्या आजपासून तुम्ही द्यायच्या. खण मी भरलेत. खणावर खोलीचा नंबर आहे, बघून द्या." कामाचा चौथा दिवस आणि किल्ली! ऊर भरून आला.

संध्याकाळी कपाट उघडलं, तर पाचच्या खणात सातचं पाकीट आणि सातच्या खणात पाचचं! औषधवाला पाकिटावर आडनाव आणि नंबर छापून देतो. दोघींचं आडनाव एक, मग घोळ होणारच. सिस्टर सकाळपासून नुसत्या धावत होत्या, नजरचूक झाली असेल. मी दोन्ही पाकिटं उचलली आणि आपापल्या नंबरात ठेवली. कारखान्यात फर्मा मागेपुढे झाला तर आम्ही विचारत बसायचो नाही, उचलून जागेवर लावायचो. सिस्टरना बोलले नाही. दमलेल्या माणसाला त्याची चूक कशाला दाखवायची?

शुक्रवार, ८

स्पॅनिश आजींनी आज गोळी घ्यायला फार छळलं. काल संध्याकाळीही तोंड फिरवत होत्या, पण घेतली. आज सकाळी तळहातावर गोळी ठेवली, तर ती डोळ्यांजवळ नेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "से एकिबोका." मग पुन्हा, मोठ्याने, "एकिबोका! नो एस मीआ." आणि गोळी माझ्याकडे ढकलली. मी लाडीगोडी लावून, पाठीवरून हात फिरवून शेवटी गिळायला लावली. बाकी शब्द डोक्यावरून गेले, पण 'बोका' आणि 'मीआ' मी स्पष्ट ऐकलं. घरी मांजर असणार त्यांच्याकडे. बोका मागे राहिला असेल, त्याची आठवण येत असेल.

शनिवार, ९

सकाळी गोळी दिली, आणि नाश्ता यायच्या आधीच आजींना दरदरून घाम फुटला. हात थरथरत होते. साखरेच्या भांड्याकडे बोट दाखवून एकेक चमचा मागून खाल्ला, मग साखर घातलेला चहा, मग बिस्किटं. लहान मूल करतं तसं. अर्ध्या तासात ठीक झाल्या. सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोली बदलली ना, घाबरल्यात. माझ्या आईचंही असंच व्हायचं." सिस्टरकडे किती अनुभव आहे!

सोमवार, ११

काल सुट्टी होती. लेकीचं लहानपणचं कापडी मांजर माळ्यावरून काढलं, धुतलं, एक डोळा निघाला होता तिथे बटण शिवलं. आज आजींना नेऊन दिलं. म्हटलं, "घ्या, तुमचा बोका."

आजींनी मांजराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत. गहिवरल्या असतील.

पण गोळीच्या वेळी पुन्हा तेच. काल माझ्या बदली आलेल्या बाईच्या हातातली तर थुंकूनच टाकली म्हणे. आज माझं मनगट धरून एकेक शब्द सुटा सुटा म्हणाल्या, "मे. कोन्फुंदे. कोन. ओत्रा." दारात सिस्टर होत्या. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "बघा, स्वतःच सांगतायत. कन्फ्यूज झाले म्हणतात. बिचाऱ्या." तेवढं तर मलाही कळलं. आपण गोंधळलोय हे ज्याला कळतं त्याचे किती हाल होत असतील! मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला. त्यांनी मनगट सोडून दिलं.

मंगळवार, १२

आज चमत्कार! दोन्ही वेळा आजींनी काही न बोलता गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या, रुमालाने ओठ पुसले. मी टाळ्या वाजवायची तेवढी राहिले. माया केली की माणूस वळतं, हेच खरं. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे." घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना हे म्हणाले, "आता तिसऱ्यांदा जेवणानंतर सांग."

बुधवार, १३

वाचनालयातून स्पॅनिशचं एक पुस्तक आणलं. आजींनी माझं एवढं ऐकलं, आपणही त्यांचे दोन शब्द शिकावेत. मागे शब्दांची यादी आहे. 'बोका' शोधला आणि लागलीच सापडला! 'बोका' म्हणजे तोंड. मांजर नव्हेच! 'मीआ' म्हणजे माझं. म्हणजे त्या तोंडाबद्दल बोलत होत्या. 'एकि' मात्र सापडलं नाही. के घालून पाहिलं, सी घालून पाहिलं, कुठेच नाही.

सिस्टरना सांगितलं, तर त्यांनी लगेच आजींची कवळी काढून हिरड्या तपासल्या. काहीच नव्हतं. आजी तोंड उघडून आमच्याकडे अशा पाहत होत्या, की मलाच अवघडल्यासारखं झालं.

शुक्रवार, १५

निळ्या शालीच्या आजींना चार दिवस झाले सारखी तहान लागते. रात्रीतून तांब्या संपतो. जेवल्या की पेंगतात. आज बोलणंही अर्ध्यावर सोडून झोपल्या, आणि त्यांचं बोलणं अर्ध्यावर राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दंडावर दोन मोठे काळेनिळे डाग आहेत. विचारलं तर म्हणाल्या, "कुठे आपटले आठवत नाही. नव्या खोलीतलं कपाट शत्रू आहे." सिस्टर म्हणाल्या, मंगळवारी डॉक्टर येतील तेव्हा दाखवू.

रविवार, १७

आज सगळं लिहून ठेवायचंय.

दुपारी मी ओट्यापाशी भांडी घासत होते. लेक बाहेरच्या खोलीत माझं स्पॅनिशचं पुस्तक चाळत होती. तिला नाद लागलाय, वाक्यं मोठमोठ्याने वाचते. वाचता वाचता म्हणाली, "से एकिबोका दे पुएर्ता."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. तिच्या तोंडून मला आजींचाच आवाज आला.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"से एकिबोका दे पुएर्ता. तुम्ही दार चुकलात."

"आणि नुसतं 'से एकिबोका'?"

"तुमची चूक होतेय."

मी ओल्या हातांनीच पुस्तक ओढून घेतलं. धडाच होता, चुका आणि गल्लत यांचा. "यादीत हा शब्द का नाही सापडला मला?"

"आई, क्यू लावून लिहितात. आणि त्यांचा व्ही म्हणताना ब होतो. तू के घालून शोधत बसलीस." तिने पान उलटलं. "हे बघ, हा त्याचा भाऊच. कोन्फुंदिर. 'मे कोन्फुंदे कोन ओत्रा' म्हणजे, तुम्ही मला दुसरीच कोणीतरी समजताय."

मी खाली बसले. *तुमची चूक होतेय. ही माझी नाही. तुम्ही मला दुसरीच कोणीतरी समजताय.* दहा दिवस ती बाई मला हे सांगत होती आणि मी तिला मांजर नेऊन दिलं.

दुसरी म्हणजे कोण, ते शोधायला पुस्तक लागलं नाही. त्याच आडनावाची. पाकिटांवर छापलेले नंबर खोल्या बदलायच्या आधीचे होते. सिस्टरनी पाकिटं माणसाबरोबर हलवली होती, अगदी बरोबर. मी ती नंबराबरोबर परत फिरवली. माझ्या हातांनी.

घड्याळात साडेचार झाले होते. संध्याकाळच्या गोळ्या सहाला. फोन लावला, कोणी उचलेना. मी निघाले. हे मागून ओरडले, "अगं, चपला तरी बदल!" घरातल्याच सपाता होत्या पायात. तशीच पळाले.

सिस्टर ऑफिसात होत्या. वाटभर वाक्य जुळवलं होतं, ते ऐनवेळी विसरले. म्हटलं, "पाच आणि सातच्या गोळ्या उलट जातायत. दहा दिवस. मी केलंय ते."

त्यांनी लगेच कपाट उघडलं, दोन्ही पाकिटं काढली, वाचली, आणि सरळ सात नंबरकडे गेल्या. निळ्या शालीच्या आजींच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला. आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "गाडी बोलवा." साखर कुठल्या कुठे गेली होती. त्यांची साखरेची गोळी जात होती पाचात, आणि त्यांना मिळत होती रक्त पातळ करायची, झटका आलेल्या माणसाची. दंडावरचे डाग त्याचे. गाडीत घालताना त्या अर्धवट झोपेत मला म्हणाल्या, "मी काही विसरले का गं मागे?"

मग आम्ही पाच नंबरमध्ये गेलो. सिस्टरनी आजींचीही साखर तपासली. ठीक होती. सिस्टर चक्रावल्या. "या गोळीने एव्हाना काय व्हायला हवं होतं..."

मी आजींच्या पलंगापाशी गुडघ्यावर बसले. पाकीट दाखवलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "से एकिबोका." त्यांच्या कपाळाला आठी पडली. वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. पुन्हा छातीवर हात मारून म्हटलं, "आजी, से एकिबोका!"

आणि आजी हसायला लागल्या. ओढलेल्या ओठातून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी पळत येऊन, सपाता घालून, गुडघ्यावर बसून त्यांनाच सांगत होते की तुमची चूक होतेय! त्यांनी धडधाकट हाताचं बोट माझ्या छातीवर टेकवलं. "मे," त्या म्हणाल्या. "मे एकिबोके." म्हणजे 'मी चुकले', असं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा मला रडू फुटलं.

मग त्यांनी उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि गाठ मारलेला रुमाल काढून सिस्टरच्या हातात दिला. आत गोळ्या होत्या. अकरा. मंगळवारपासूनच्या सगळ्या.

सोमवार, १८

निळ्या शालीच्या आजी इस्पितळातच आहेत. साखर उतरतेय. त्यांचा मुलगा आला होता. खूप बोलला, आणि बोलायलाच हवं. मी भिंतीशी उभी राहून ऐकलं. सिस्टर मध्ये पडल्या, "पाकिटांवर नवा नंबर घालायचा तो मी घातला नाही. ते माझं. आणि पाचच्या आजी काय सांगतायत हे ठरवून टाकलं, तेही माझंच." मुलगा म्हणाला, "मग हे कळलं कसं?" सिस्टरनी माझ्याकडे बोट केलं. त्याने ऐकून घेतलं. पण तक्रार लेखी दिलीच.

संध्याकाळी नोंदवहीत मी लिहिलं, 'औषधांत चूक झाली.' सिस्टरनी वाचून वही परत केली. "कोणाची ते लिहा. पुढच्या माणसाला समजलं पाहिजे." मी खोडून लिहिलं, 'खोल्या बदलल्यावर पाकिटं मी न विचारता फिरवली. मी चुकले.' लिहिताना जिवावर आलं. लिहून झाल्यावर जेवण गेलं, दोन दिवसांत पहिल्यांदा.

बुधवार, २०

काल डॉक्टर येऊन दोघींचे कागद पाहून गेले. दहा दिवस गोळी चुकूनही पाचच्या आजींना पुन्हा झटका आला नाही, हे नशीब म्हणाले. मी नुसते हात जोडले.

आज आजींचा पुतण्या आला. सिस्टरनी फोन करून सगळं कळवलं होतं. मला वाटलं, आता यांचंही ऐकायचं. पण तो शांत माणूस. रुमालाची गोष्ट ऐकून म्हणाला, "काकूने लपवल्या? मग तिने ओळखल्याच असणार. तिचं औषधांचं दुकान होतं. पस्तीस वर्षं काउंटरवर उभी असायची. गल्लीत कोणाला कुठली गोळी चालते, तोंडपाठ."

म्हणजे त्या शनिवारी साखर मागितली, ती लहान मुलासारखी नव्हे. काय झालंय आणि काय करायचं, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं. आणि मी टाळ्या वाजवणार होते.

माझी नोकरी आहे. महिनाभर किल्ली नाही. एवढ्यावर सुटले.

शुक्रवार, २२

निळ्या शालीच्या आजी परत आल्या. मी त्यांच्यासमोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी, नवल म्हणजे, एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

शेवटी म्हणाल्या, "मी गोळ्या बघतच नाही. बघितल्या की गिळवत नाहीत. तू देतेस, मी घेते." मला वर बघवेना. "आता असं कर. महिनाभर रोज संध्याकाळी माझ्याशी पत्ते खेळायला बसायचं. ही शिक्षा."

"एवढीच?"

"माझ्याबरोबर खेळली नाहीस अजून. म्हणून एवढीच वाटते."

खेळले. त्या पत्ते लपवतात. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. मग मनात आलं, हे न बोलणंच नडलं होतं. म्हटलं, "आजी, शालीखाली राणी आहे." त्या इतक्या खूष झाल्या की विचारू नका.

मंगळवार, २

पुतण्या चार दिवस राहून गेला. त्याने आजींसाठी तीस शब्दांचा तक्ता लिहून दिला, स्पॅनिश एका बाजूला आणि आपले शब्द दुसऱ्या बाजूला. पाणी, दुखतंय, नको, थांबा. 'थांबा' वर मी लाल रेघ ओढली. लेक रविवारी येऊन आजींपाशी बसली. आजी तिचे उच्चार सुधारतात, कपाळाला हात लावतात. लेक म्हणाली, "आई, इतकं कडक तर कॉलेजात कोणी शिकवत नाही." संध्याकाळी घरी येऊन माझ्या गळ्यात पडली.

शनिवार, २०

काल किल्ली परत मिळाली. या वेळी ऊर भरून वगैरे आला नाही, पोटात गोळा आला. सिस्टर म्हणाल्या, "असाच राहू दे तो."

आता पाकिटांवर पूर्ण नाव असतं आणि फोटोही. तरी पाचच्या आजींची गोळी आधी त्यांच्या तळहातावर ठेवायची, त्यांनी पाहायची, मान हलवायची, मग पाणी. सिस्टरनीच ही पद्धत घातली. महिनाभर त्या स्वतः तसंच देत होत्या.

आज सकाळी आजींनी गोळी पाहिली आणि मान आडवी हलवली. "नो."

मी तिथेच थांबले. ट्रे खाली ठेवला, सिस्टरना हाक मारली. सिस्टरनी पाकीट पाहिलं, नाव बरोबर, खण बरोबर. गोळी मात्र गुलाबी असायची ती पिवळी आली होती. सिस्टरनी औषधवाल्याला फोन लावला. दहा मिनिटं गेली. सहा नंबरचे आजोबा चहासाठी ओरडत होते, आठ नंबरला अंघोळीला उशीर होत होता, आणि आम्ही तिघी एका पिवळ्या गोळीभोवती उभ्या. कोणी कोणाला घाई केली नाही.

औषधवाला म्हणाला, कंपनीने रंग बदललाय, औषध तेच. सिस्टरनी आतला कागद आजींना दिला. आजींनी भिंग लावून बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली, बोटाने ओळ धरून; औषधांची नावं सगळ्या भाषांत सारखीच. मग भिंग खाली ठेवलं, खांदा उडवला आणि म्हणाल्या, "मे एकिबोके." आणि तोंड उघडलं.

"काय म्हणाल्या?" सिस्टरनी विचारलं.

"म्हणाल्या, मी चुकले."

"त्यांना सांगा, चुकू दे. रोज असंच थांबवा आम्हाला."

हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणतात ते मला येत नाही. तक्त्यातही नाही. म्हणून मी नुसता त्यांचा हात दाबला. त्यांनी माझा धरला, आणि आठ नंबरची घंटा वाजेपर्यंत सोडला नाही.